बाप्तिस्मा थांबवू नका

वसई, ७ एप्रिल १९९७, सोमवार

दादा,

जय ख्रिस्त.

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बाळाला ताप नव्हता, सासूची कटकट नव्हती. तुझं नाव वाचलं म्हणून.

काल दुसऱ्या मिस्सेला फादर अँड्र्यूंनी बिशपांचं पत्र वाचलं. आपल्या धर्मग्रामातले ब्रदर जोकिम तुस्कानो तीन मेला डीकन होणार, मग वर्षभरात फादर. सगळ्या बायका माना वळवून आईकडे बघायला लागल्या. आई पहिल्या बाकावर, नवं लुगडं, पाठ अशी ताठ की काठी घातलीय. मग फादर म्हणाले, "या तरुणाच्या दीक्षेला काही अडथळा आहे असं कोणाला माहीत असेल, तर त्याने देवाला स्मरून मला येऊन सांगावं." असं तीन रविवार वाचणार आहेत.

दादा, मांडीवरचं बाळ मी एवढं आवळलं की ते रडायला लागलं. आमचा नवरोबा मेल्विन म्हणाला, "अगं दाबतेस काय, केळं आहे का ते, पिकलंय का बघायला?"

मला माहीत आहे ना. मला आणि आईला.

तुझी बारावी झाली होती, मी पंधरा वर्षांची. तू विहिरीत पडला नव्हतास. मी मोगऱ्याच्या वाफ्यात बसले होते, मी बघितलं. तू चपला काठावर नीट जोडून ठेवल्यास. पाय घसरणारा माणूस चपला जोडून ठेवत नाही. मी रहाटाचा दोर टाकला, बोंब मारली, शेजारचे धावले, तुला वर काढलं. आई सगळ्यांना म्हणाली, पाय घसरला. मग मला आतल्या खोलीत नेऊन क्रूसावर हात ठेवायला लावला. वर्षभरात तू फादर व्हायला सेमिनरीत गेलास. आई म्हणाली, बघ, देवाने कशाला वाचवला ते.

न सांगितलं तर माझ्या डोक्यावर पाप. सांगितलं तर आईची शपथ मोडली आणि तुझी एवढी वर्षं बुडाली. तिथे कोणाला सांगितलंयस का तू?

हे पत्र डब्याच्या तळाला कागदाखाली ठेवतेय. आलेली पत्रं तुमचे मुख्य, फादर रेक्टर, आधी उघडतात असं तूच म्हणाला होतास. डबे काही उघडत नसतील. वर आपल्या घरच्या केळ्यांची सुकेळी आहेत, सगळी वाटत सुटू नको, दोन स्वतः खा.

बाळाचा बाप्तिस्मा तुझ्यासाठी थांबवलाय. डीकन झालो की पहिला बाप्तिस्मा माझ्या भाच्याचा, असं नाताळात तूच बोललास. सासू रोज म्हणते, "पाच महिन्यांचं पोर बिनबाप्तिस्म्याचं ठेवलंय, काही झालं म्हणजे?" मी म्हणते, मामा येतोय.

अडथळ्याचं काय करायचं ते तू ठरव. मला एकच सांग. तुला बरं आहे ना?

तुझी नताल

•

बंगळूर, १३ एप्रिल १९९७

प्रिय बाय,

प्रभू येशूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.

डबा मिळाला. वर्गबंधूंनी सुकेळ्यांवर हल्ला चढवला, पण मी तळापर्यंत गेलो. तळाचं सगळं माझ्यापाशी आहे, कोणालाही दिलं नाही. तू विचारलंस, त्याचं उत्तर: प्रकृती उत्तम आहे.

आमच्या परीक्षा संपल्या. तोंडी परीक्षेत तीन फादर समोर बसले होते. पहिला प्रश्न, माणूस कशाने स्वतंत्र ठरतो? मी पंधरा मिनिटं बोललो. नव्वद गुण मिळाले. फादर रेक्टर म्हणाले, जोकिम, तू पुढे आमच्याबरोबर शिकवायला ये.

गेल्या आठवड्यात दीक्षेसाठी अर्ज लिहून दिला. तो स्वतःच्या अक्षरात लिहायचा असतो. मी कोणाच्या दडपणाखाली नाही, माझ्या बाजूने कसलाही अडथळा नाही, असं लिहून सही करायची असते. केली.

पंचवीस तारखेपासून आम्हा सात जणांची एकांतसाधना सुरू होईल. शहराबाहेर टेकडीवर आमचं एक घर आहे. तिथे पूर्ण मौन. पत्र नाही, फोन नाही. दोन मेला खाली उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी बिशपांसमोर उभं राहायचं.

जुन्या गोष्टींचा विचार करत बसू नकोस. आईने सांगितलंय तसंच वाग. बाळाला माझा आशीर्वाद. मेल्विनरावांना नमस्कार.

तुझा भाऊ,
ब्रदर जोकिम

•

वसई, १७ एप्रिल १९९७

दादा,

पत्र मिळालं. फादर रेक्टरांनाही माझा नमस्कार, ते वाचत असतीलच.

मी विचारलं काय आणि तू सांगितलंस परीक्षेचे गुण. प्रकृती उत्तम म्हणे! आपल्यात असं कोण बोलतं? आपल्यात म्हणतात, बरा आहे, दोन चपात्या खातो, रात्री घोरतो. प्रकृती उत्तम असं तर सरकारी दवाखान्यात लिहून देतात, मग माणूस दोन दिवसांनी मरतो.

मेल्विनला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, नव्वद मार्क! आता हा बिशप होणार आणि माझ्या टेम्पोवर फुकट पाणी शिंपडणार." मी हसले नाही तर म्हणाला, "तुझं काय बिनसलंय? घरात फादर होतोय आणि तुझं तोंड मयतासारखं." त्याला काय सांगू? त्यालाही माहीत नाही.

काल फादर अँड्र्यूंकडे गेले होते, तुझ्या काळजीने. आई मागोमाग आली, जशी मी चोरीलाच निघाले होते. फादरांच्या कचेरीत माझ्या शेजारी बसली आणि पदराखालून माझं मनगट धरून ठेवलं. मी म्हटलं, फादर, दादाचं पत्र मला बरं वाटत नाही. ते म्हणाले, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, सगळं चांगलंच लिहिलंय. ते हसले. म्हणाले, "मग बरं का वाटत नाही, बाई? दीक्षा जवळ आली की घरच्यांच्या मनात सैतान असं काहीबाही भरवतो. माझी आई तर आठवडाभर जेवली नव्हती. रोझरी म्हणा." आई म्हणाली, "तेच सांगते हिला, फादर. बाळंतपणापासून हिचं डोकं हलकं झालंय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, खोटं बोललीस. ती म्हणाली, "नऊ वर्षं बोलतेय. अजून दोन आठवडे बोलेन. मग तो देवाचा होईल, मग देव सांभाळेल त्याला." तिच्या तळव्याला एवढा घाम होता की माझं मनगट ओलं झालं होतं.

दादा, पुढच्या पत्रात पुस्तकातलं लिहू नको. काय जेवलास ते लिही. रात्री झोपतोस का ते लिही.

बाळ आता पालथं पडतं आणि अडकतं. मग चिडून ओरडतं. तुझ्यावर गेलंय.

नताल

•

बंगळूर, २१ एप्रिल १९९७

प्रिय बाय,

पुस्तकातलं लिहू नको म्हणतेस, म्हणून आतलं लिहितो. फादर रेक्टरांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

पहाटे प्रार्थनेला बसलो की आत काहीच हलत नाही. देव आहे हे डोक्याला पटतं, सिद्धही करून दाखवता येतं. पण हाक मारली की भिंतीवर आपटून परत येते. झोप बहुधा दोन तास. जेवण मातीसारखं लागतं, कर्तव्य म्हणून गिळतो. नाताळापासून असंच आहे.

हे मी माझे आत्मिक मार्गदर्शक फादर तिमोथी यांना सांगितलं. ते म्हणाले, जोकिम, हे शुभ लक्षण आहे. मोठमोठ्या संतांना ही काळोखी रात्र आली. देव ज्याला जवळ ओढतो, त्याच्या आतला दिवा आधी मालवतो. याला औषध शोधू नकोस, यातून चालत राहा.

तेव्हापासून मी हळूहळू मोकळा होतोय. पांघरूण माळ्याला दिलं. बूट एका नव्या मुलाला. पुस्तकं वाचनालयात. खोलीत आता खाट, टेबल आणि क्रूस. फादर रेक्टरांनी जेवणघरात सगळ्यांसमोर सांगितलं, वैराग्य कसं असतं ते ब्रदर जोकिमकडे बघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलं हल्ली आठवतं. जगातली प्रत्येक गोष्ट अशी आहे, की ती नसती तरी चाललं असतं. झाड, डोंगर, माणूस. फक्त देव असा, की तो असलाच पाहिजे. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आता ते वाक्य मनात म्हटलं की फार शांत वाटतं. आपण असलंच पाहिजे असं नाही. केवढा भार उतरतो बघ.

काळजी करू नकोस. शांत आहे.

तुझा,
जोकिम

•

वसई, २५ एप्रिल १९९७

दादा,

पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहितेय. बाळ पाळण्यात बोंबलतंय, बोंबलू दे. हे डब्यातून पाठवत नाही. कोण उघडायचं ते उघडो. फादर रेक्टर, तुम्हीच उघडलंत तर बसून वाचा, आणि मौन असलं तरी टेकडीवर त्याच्या हातात द्या.

तू नसतास तरी चाललं असतं? कोणाचं चाललं असतं? बाबांच्या मयताला आई बेशुद्ध पडली, तेव्हा माझ्या डोक्यावर कोणाचा हात होता? माझं लग्न ठरताना सासूने नाक मुरडलं, पोरगी सातवीच शिकलीय म्हणून. तेव्हा "हिला शिकू दिलं नाही, हिला येत नव्हतं असं नाही" असं भर बैठकीत कोण बोललं? ते वाक्य मी नऊ महिने पोटात बाळाबरोबर बाळगलं. तुझं पुस्तक काय म्हणायचं ते म्हणो, तू नसलास तर माझं चालणार नाही.

आणि ते फादर तिमोथी. दादा, ते चांगले असतील, संतांचं त्यांना सगळं माहीत असेल. पण माणूस झोपत नाही, जेवत नाही, आपलं सामान वाटून टाकतो, याला आमच्याकडे शुभ लक्षण म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याच्याजवळ माणूस बसवतात.

टाळ्या वाजवल्या म्हणे!

हे सामान वाटणं मला ओळखीचं आहे. त्या मे महिन्यातही तू सायकल शेजारच्या बाबूला दिलीस. कंपासपेटी मला दिलीस. मी मूर्ख, खूश झाले, गावभर दाखवत फिरले. आणि तेव्हाही तू शांत होतास. आईसुद्धा म्हणाली होती, पोरगं कसं शांत झालंय, परीक्षेचा ताण गेला.

गेल्या रविवारी तुझं नाव तिसऱ्यांदा वाचलं. मी गप्प बसले. माझी चूक झाली. उठायला हवं होतं.

मला डीकन नको, मला भाऊ हवा. हे वाचलंस की कोणाचीही परवानगी न विचारता फोन कर. नाक्यावरच्या जिग्नेशच्या बूथवर कर, तो मला बोलवायला पोरगं धाडतो.

तुझी बाय

•

बंगळूर, २४ एप्रिल १९९७

बाय,

इथे शिकणारा आपल्याकडचा एलियास सुट्टीला घरी येतोय, त्याच्या हाती हे बंद पाकीट देतोय. हे कोणी वाचलेलं नाही. सोबत घड्याळ आहे, ते मेल्विनला. चांगलं चालतं.

तुझं डब्यातलं पत्र मी वीस वेळा वाचलं. नाही, मी कोणालाच सांगितलं नाही. पहिल्या वर्षी सांगणार होतो. आईने येऊन माझे पाय धरले होते, तुला माहीत नसेल. मग चर्चचे कायदे शिकवले तेव्हा कळलं, ज्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याला ही दीक्षा घेता येत नाही. सूट मिळते, बाय. बिशप देऊ शकतात. पण मागावी लागते, आणि मागायला सांगावं लागतं. मी तेव्हाही गप्प बसलो. आता सही करून बसलोय की अडथळा नाही.

फादर तिमोथींना मी आतला काळोख सांगितला, विहीर नाही सांगितली. त्यांना अर्धंच कळलं, म्हणून त्यांनी त्याला संतांचं नाव दिलं. त्यांचा दोष नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, मी संत नाही, मी दमलोय.

हो म्हणून दीक्षेला बिशपांसमोर पालथा पडलो तर देवाशी खोटं. नाही म्हणालो तर आईने तीन गावांत वाटलेल्या पत्रिका, आणि तिचं तोंड. दोन्हीकडून दार बंद आहे. पण आता घाबरायला होत नाही. टेकडीवर गेलो की सगळं सोपं होईल.

बाळाचा बाप्तिस्मा माझ्यासाठी थांबवू नका. फादर अँड्र्यूंकडून या रविवारीच करून घ्या. लहान मुलाला उगाच ताटकळत ठेवू नये.

तू माझ्यावर दोर टाकलास, त्याबद्दल मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो. ते तुला सांगायचं राहिलं होतं.

जोकिम

•

वसई, २६ एप्रिल १९९७, शनिवार, सकाळचे साडेअकरा
जिग्नेश एसटीडी-फॅक्स सेंटरवरून

हे जो वाचेल त्याला,

मी नतालीन डाबरे. तुमच्या सेमिनरीतले ब्रदर जोकिम तुस्कानो, त्यांची सख्खी बहीण. मला इंग्रजी येत नाही. कागद मराठीत आहे म्हणून टाकून देऊ नका, तिथे कोणी मराठी मुलगा असेल त्याला बोलवा.

आत्ता दोनदा तुमच्याकडे फोन केला. जिग्नेश बोलला. तुमचा माणूस म्हणाला, ते सगळे टेकडीवर मौनात आहेत, फादर रेक्टरही तिथेच, दोन मेपर्यंत फोन नाही. टेकडीचा नंबर मागितला तर देत नाही, नियम आहे म्हणतो. इथे फादर अँड्र्यू बिशपांकडे गेलेत, संध्याकाळी येतील. मला संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. जिग्नेश म्हणाला, "ताई, फॅक्स करा, कागद टेबलावर पडला की कोणीतरी वाचेलच." म्हणून हे.

माझा भाऊ स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करेल अशी मला भीती आहे. मी घाबरट आहे, पण हे घाबरटपणाने लिहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याने एकदा केलंय. विहिरीत. मी डोळ्यांनी बघितलं. आम्ही तो पाय घसरला असं सांगितलं. त्यामुळे त्याला फादर होता येत नाही हे मला आता कळलंय. तरी लिहितेय. तुम्ही हे बिशपांना दाखवा, ज्याला दाखवायचं त्याला दाखवा.

आज सकाळी त्याचं पत्र हातात पडलं. बाळाचा बाप्तिस्मा तो करणार होता, नाताळापासून आम्ही थांबलोय. त्याने लिहिलंय, थांबवू नका. घरात मी तेवढंच वाचून दाखवलं. माझा नवरा म्हणाला, बघ किती विचार करतो. सासू म्हणाली, देवमाणूस. मी एकटीने वाचलं ते असं की तो येणार नाही. मग मी नवऱ्याला सगळं सांगितलं. टेम्पो अर्धा भरलेला होता, तो त्याने तसाच सोडला आणि मला इथे घेऊन आला. आता एलियासला घेऊन विमानाचं बघायला गेलाय. आयुष्यात विमानात बसलेला नाही.

आईसुद्धा आली. बूथवर सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला. "नताल, तीन गावांत पत्रिका गेल्यात." मी म्हटलं, "आई, मयताला पण तीच तीन गावं येतील." ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "माझं नाव लिही. शपथ मी घातली होती म्हणून लिही. पोराला वाटायला नको की तो खोटं बोलला." तर लिहितेय. तिचं नाव मार्था तुस्कानो. शपथ तिने घातली.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

त्याला एकट्याला खोलीत सोडू नका. जवळ माणूस बसवा, बोलका माणूस, उपदेश करणारा नको. डॉक्टर बोलवा, मनाचा डॉक्टर. नियम मोडला म्हणून कोणी रागावलं तर माझं नाव सांगा.

त्याला सांगा, आईला कळलंय आणि आई रडत नाहीये. सांगा, विहिरीचं आम्ही बोललो, आता त्याला लपवायला काही उरलं नाही. सांगा, तीन तारखेला काहीही व्हायची गरज नाही, त्याने फक्त घरी यायचंय. तो म्हणेल मी ठीक आहे, प्रकृती उत्तम आहे. ऐकू नका.

जिग्नेशच्या बूथचा नंबर वर छापलेला आहे. मी इथून हलत नाही. बाळ माझ्याबरोबर आहे, दूध पाजायचं ते इथेच पाजेन, जिग्नेशने पडदा लावून दिलाय.

तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. फादर असाल, शिपाई असाल, झाडू मारायला आला असाल. टेकडीवरचा नंबर तुमच्या कचेरीत कुठेतरी लिहिलेला असेल, भिंतीवर, वहीत. तो शोधा. हा कागद खाली ठेवू नका, कोणाला विचारायला जाऊ नका. आधी माझ्या भावाला फोन करा.